जुने स्विमसूटचे फोटो पाहाचे कसे, जमवाचे कसे, टिकवाचे कसे: गावाकडच्या नवीन लोकांसाठी

आमच्याकडं जून महिन्यात शाळेच्या पुस्तकाले कव्हर चढवाचं म्हणजे गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचे पानं काढाचे, जाड आणि गुळगुळीत कागद, पावसातही टिके. मामाचा तालुक्याले फोटो स्टुडिओ होता म्हणून त्याच्याकडं कॅलेंडर भरपूर येत आणि ज्या पानावर स्विमसूटमधली मॉडेल राहे ते पान मामा चित्र आतल्या बाजूनं करून चढवून दे. सातवीत माझं भूगोलाचं कव्हर दिवाळीतच फाटलं, मी ते उलटं करून पाहिलं तं आत पिवळा स्विमसूट घातलेली बाई, ओली वाळू, मागं निळं पाणी, एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. मामा मागून आला, मले वाटलं आता बसते पाठीत, पण तो खाली बसला आणि म्हणाला, "सावली पाह्य तिची. सांग किती वाजता काढला हा फोटो."

तेव्हापासून हा नाद आहे, आता पस्तीस-चाळीस वर्षं होत आली. गावाकडचे पोरं-पोरी कधी कधी विचारतात की आम्हाले पण जुने फोटो आवडतात, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. हे फोटो लोक लपून पाहात आणि लपून फेकत, त्याच्यामुळं त्यातली मेहनत कोणी पाहिलीच नाही, आणि ती मेहनत आमच्यासारख्या उन्हात राहणाऱ्या माणसाले तं लवकर समजाले पाह्यजे, कारण हे फोटो म्हणजे अर्धं ऊन आणि अर्धं पाणी आहे.

पहिली पायरी तीच, मामावाली. फोटो हातात आला की चेहरा, कपडा सगळं सोडा आणि सावली पाहा. पायाखाली गोळा झालेली लहान सावली म्हणजे डोक्यावरचं ऊन, लांब सावली म्हणजे सकाळ नाही तं संध्याकाळ. मंग नाकाखालची सावली पाहा, हनुवटीखालची पाहा. आपल्याकडं मे महिन्यात बारा वाजता कोणाचा फोटो काढला तं डोळ्याच्या खोबणीत काळं पडते, माणूस आजारी दिसते. जुन्या समुद्रकिनाऱ्याच्या फोटोत ऊन तेवढंच कडक आहे तरी चेहरा उजळ कसा? तिथं खालची वाळू काम करून राहिली आहे. पांढरी वाळू ऊन वर फेकते, चेहऱ्याच्या सावल्या भरून निघतात.

समजलं नसंल तं फेब्रुवारीत जिनिंगवर जा. कापसाची गंजी लागलेली राहते, चार वाजताच्या उन्हात कोणाले तिच्या बाजूले उभं करा आणि मोबाईलवर फोटो काढा, मंग त्याच माणसाले दहा पावलं दूर काळ्या मातीवर नेऊन काढा. दोन्ही फोटो बाजूबाजूले लावून पाहा. कापसाजवळचा चेहरा आतून दिवा लावल्यासारखा दिसंल. ही गोष्ट मी ज्याले ज्याले करून दाखवली त्याले मंग वाळूचं काम सांगत बसाची गरज पडली नाही.

आता काऊन एवढं ऊन लागे ते पण माहीत पाह्यजे. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ मध्ये आली, रंग असे की अजून लोक त्याची आठवण काढतात, पण ती फिल्म लय मंद होती, तिले भरपूर उजेड लागे. म्हणून लाल स्विमसूट, निळं आभाळ, पिवळी छत्री हे सगळं भर उन्हात काढलं जाई, संध्याकाळच्या उजेडाची चैन त्या फिल्मले परवडतच नव्हती. कोडॅकनं ती २००९ मध्ये बंद केली आणि जगातल्या ज्या एका लॅबमध्ये ती शेवटपर्यंत धुतली जाई, अमेरिकेत कॅन्ससमध्ये, तिथं २०१० च्या डिसेंबरअखेर रोल घेणंही थांबलं. त्यामुळं तो रंग आता नव्यानं होत नाही, जे आहे तेवढंच आहे.

वाळू नसंल तिथं काय करत? मायामीची बनी येगर आधी स्वतः मॉडेल होती, मंग कॅमेऱ्याच्या मागं गेली, बिकिन्या पण बऱ्याचदा स्वतःच शिवे. भर दुपारी उन्हात ती फ्लॅश मारे. लोकाले वाटते उन्हात फ्लॅश कायले, तं तो डोळ्याखालचं काळं काढाले. ओळखाची युक्ती सांगतो, घड्याळ दुरुस्तीवाल्याजवळ डोळ्याले लावाचं भिंग राहते ते एक घेऊन ठेवा, आणि फोटोतल्या बाईच्या डोळ्यात पाहा. बाहुलीत एक बारीक टोकदार चमक वेगळी दिसली तं फ्लॅश आहे, आणि खालच्या बाजूनं पसरट फिक्कट उजेड दिसला तं वाळू, पाणी नाही तं पांढरा पत्रा धरलेला आहे. त्या काळची गाजलेली मॉडेल बेटी पेज, तिचे १९५४ चे येगरनं काढलेले फोटो मिळाले तं त्याच्यावर ही प्रॅक्टिस करा.

आणि दिसते ते सगळं खरं मानू नका. जॉर्ज हॉयनिंगन-ह्यून नावाच्या छायाचित्रकाराचा १९३० चा एक फोटो जगप्रसिद्ध आहे, एक बाई आणि एक माणूस पाठमोरे बसले आहेत स्विमसूटमध्ये, समोर क्षितिज, पाहणाऱ्याले वाटते समुद्र पाहून राहिले. समुद्र नाहीच तिथं. पॅरिसमध्ये व्होग मासिकाच्या स्टुडिओच्या गच्चीवर काढलेला आहे. त्यातला माणूस म्हणजे हॉर्स्ट, जो पुढं स्वतः मोठा छायाचित्रकार झाला. मी जेव्हा हे वाचलं तेव्हा मले लय आनंद झाला, कारण समुद्रापासून एवढ्या दूर राहणाऱ्या माणसाले वाटलं की गच्ची तं आपल्याकडं पण आहे.

दुसरी पायरी कॅमेऱ्याची उंची. हे एकदम सोपं आहे आणि कोणी सांगत नाही. सपाट किनाऱ्यावरचा फोटो असंल तं क्षितिजाची रेघ बाईच्या अंगाले कुठं कापते ते पाहा, त्याच उंचीवर कॅमेरा होता. रेघ डोळ्यातून जाते तं उभ्यानं डोळ्याले लावून काढला, कमरेतून जाते तं कॅमेरा कमरेजवळ, गुडघ्यातून जाते तं काढणारा वाळूवर बसलेला. जुन्या फोटोत लय वेळा ती कमरेच्या आसपास सापडंल. कारण रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात वरून खाली वाकून पाहा लागे, कॅमेरा पोटाशी धरलेला राहे, फोटो चौकोनी येई. आपल्याकडचा अॅग्फा क्लिक थ्री पाहा ना कोणाच्या घरी असंल तं, बडोद्याले बनत असे, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, पण तो डोळ्याले लावून पाहा लागे. रोलायफ्लेक्सनं खालून पाहिल्यामुळं पाय लांब दिसतात, माणूस आभाळासमोर उभा राहते, मागचा किनाऱ्यावरचा कचरा-माणसं फ्रेममधून खाली जातात. आजकालचे मोबाईलचे फोटो डोळ्याच्या उंचीवरून काढलेले राहतात म्हणून तो रुबाब येत नाही, बाकी काही जादू नाही.

तिसरी पायरी कपडा, आणि इथं मी कबूल करतो की मले वीस वर्षं काही कळलं नव्हतं, ते बायकोनं शिकवलं. ती ब्लाऊज शिवते. एक दिवस मी १९५०च्या आसपासच्या एका अमेरिकन जाहिरातीचं पान घेऊन बसलो होतो, ती चहा घेऊन आली, उभ्याउभ्या पाहिलं आणि म्हणे, "हे तं प्रिन्सेस कट आहे, आणि आत काड्या घातल्या आहेत, नाही तं असं उभं राहत नाही." मी भिंग लावून पाहिलं तं खरंच, शिवणीच्या रेघा छातीवरून कमरेपर्यंत, आणि त्या काळच्या पुष्कळ स्विमसूटात आत आधाराले काड्या राहत, पोहाच्या कपड्यापेक्षा पार्टीच्या कपड्यासारखंच काम. तेव्हापासून नवीन काही आलं की आधी तिच्यापुढं ठेवतो. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी शिवणकाम करत असंल, आई असो, काकू असो, तिले विचारा. लाजू नका, ती कपडा पाहंल आणि तुम्हाले दहा गोष्टी सांगंल.

कपड्यावरून साल काढाले येते, ढोबळ हिशोब असा. अंगाले लोंबल्यासारखा, ओला झाला की खाली ओढलेला दिसते तो विणलेल्या लोकरीचा, म्हणजे बराच जुना. तीसच्या दशकात लास्टेक्स आलं, रबराचा धागा कापडात, मंग कपडा अंगासरशी बसाले लागला आणि चमकाले लागला. १९५८ मध्ये ड्युपॉन्ट कंपनीत लायक्रावाला धागा निघाला, त्याच्यानंतर पुढच्या काळात काड्या गेल्या, शिवणी कमी झाल्या, कपडा पातळ झाला. बिकिनीचं तं तारखेसकट माहीत आहे, ५ जुलै १९४६, पॅरिसचा मोलिटर नावाचा पोहाचा तलाव, लुई रेआर नावाचा माणूस जो मुळात मोटारीचा इंजिनिअर होता, आणि मिशेलिन बर्नार्दिनी हिनं ती घालून दाखवली. कापडावर वर्तमानपत्राचं छापकाम होतं. चार दिवस आधी प्रशांत महासागरात बिकिनी बेटावर अणुबॉम्बची चाचणी झाली होती, नाव तिथून उचललं. पण एक ध्यानात ठेवा, अमुक कपडा निघाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी घातला असं होत नाही, जुने कपडे पुढं किती तरी वर्षं चालतात, म्हणून कपड्यावरून "याच्या आधीचा नाही" एवढंच पक्कं सांगता येते.

आता नावं. नवीन लोक इथं लय घाई करतात, सगळे फोटो "जुनी हिरोईन" म्हणून एका फाईलीत. असं कराचं नाही. आपल्या मराठीतलंच पाहा, १९३८ सालच्या 'ब्रह्मचारी' सिनेमात मीनाक्षी शिरोडकरांनी स्विमसूट घालून गाणं केलं, कथा अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. १९३८! तेव्हा आमच्या गावात वीज नव्हती. मंग १९५८ मध्ये 'दिल्ली का ठग' मध्ये नूतन, आणि १९६६ मध्ये फिल्मफेअरच्या मुखपृष्ठावर बिकिनीमध्ये शर्मिला टागोर, तो फोटो धीरज चावडा यांनी काढलेला. त्याच वर्षी रीटा फारिया, मुंबईत डॉक्टरकी शिकणारी मुलगी, लंडनले मिस वर्ल्ड झाली आणि नंतर खरंच डॉक्टर झाली. ह्या बाईमाणसांनी त्या काळात लोकांचं बोलणं ऐकून घेऊन हे काम केलं. माझी आजी लुगड्याचा काष्टा मारून विहिरीत सूर मारे, गावात तिले कोणी बोललं नाही, पण फोटो निघाला असता तं नक्की बोलले असते. म्हणून मले ह्या बायकांबद्दल आदर वाटते, आणि ज्याले तो वाटत नाही त्यानं हा छंद लावून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरच्या मासिकांतही मॉडेलचं नाव छापाची पद्धत सगळीकडं नव्हती. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड ह्या अमेरिकेतल्या खेळाच्या मासिकाचा पहिला स्विमसूटवाला अंक २० जानेवारी १९६४ चा, हिवाळ्यात खेळाच्या बातम्या कमी पडत म्हणून काढलेला, कव्हरवर बॅबेट मार्च मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर लाटांमध्ये उभी. पुढं ज्यूल कॅम्पबेल या संपादिका बाईनं ते काम हातात घेतलं आणि फोटोसोबत मॉडेलचं नाव छापणं सुरू केलं. मले ही त्या अंकाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तुम्हीही फोटोमागं नाव, साल, कुठं सापडला हे लिहाचं, पण मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेन नाही. बॉलपेनचा उमटा समोरून दिसते आणि शाई वर्षानुवर्षं पसरत जाते.

मिळवाचं कुठून. गावाकडं सगळ्यात चांगली जागा म्हणजे रद्दीवाला आणि बंद पडलेला फोटो स्टुडिओ. रद्दीवाल्याले आधीच सांगून ठेवा की गुळगुळीत कागदाचे जुने मासिकं आले की बाजूले ठेव, किलोमागं दोन पैसे जास्त देतो, तो ठेवते. जुने सलून, टेलरिंगचे दुकानं, तिथं भिंतीवर एकावर एक कॅलेंडर खिळ्याले टांगलेले राहतात, वरचं देवाचं आणि खाली काय काय निघते. मालकाले विचारूनच काढाचं. नागपूरले गेले तं सीताबर्डीकडं जुन्या पुस्तकवाल्यांजवळ वेळ काढा, पण गठ्ठा बांधलेला घेऊ नका, सोडून एकेक पान पाहा, मी एकदा बांधलेला गठ्ठा घरी आणला आणि मधले सगळे पानं ओलीनं चिकटलेले निघाले.

घेताना भिंग लावाचं. बारीक रंगीत ठिपक्यांची फुलं दिसले तं छापील पान, काही ठिपका नाही, सगळं एकसंध आहे तं खरी फोटो प्रिंट. काळ्या-पांढऱ्या जुन्या प्रिंटच्या काळ्या भागात तिरप्या उजेडात चांदीसारखी झिलई आली असंल तं घाबरू नका, ती वयाची खूण आहे, पुसू नका. नवीन प्रिंटरवर काढून जुनं म्हणून विकणारे पण आहेत, भिंगातून शाईचा फवारा उडाल्यासारखा दिसला तं परत द्या.

आणि पैसे नसतील तं मोबाईल आहे. अमेरिकेतली टोनी फ्रिसेल, जिनं फॅशनचे फोटो स्टुडिओतून बाहेर उन्हात आणले, मॉडेलले पाण्याखालीही नेलं, तिनं आपला सगळा संग्रह तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसले देऊन टाकला, त्यातले पुष्कळ फोटो त्यांच्या वेबसाईटवर फुकट पाहाले आणि उतरवाले मिळतात, मोठ्या साईजमध्ये. शिकाले यापेक्षा चांगलं काही नाही, झूम करून करून पाहा.

आता टिकवणं. इथं मी जरा जास्त बोलणार कारण आमच्या भागात फोटोचे चार दुश्मन आहेत, मे महिन्याचं ऊन, जुलै-ऑगस्टची ओल, उधई आणि कसर.

पेटी लोखंडी घ्या, पण टिनाच्या छपराखाली ठेवू नका, दुपारी तिथं भट्टी होते आणि रंग उडतात. घरात सगळ्यात थंड जी मधली खोली राहते तिथं ठेवा, मातीचं घर असंल तं अजून चांगलं. जमिनीवर डायरेक्ट नाही, भिंतीले टेकवून नाही, विटा लावून वर आणि चार बोटं जागा सोडून, म्हणजे उधई चढली तं नळी दिसते. माझ्या एका सोबत्याची सगळी पेटी एका पावसाळ्यात खालून गेली, वरून पाहाले जशीच्या तशी होती, उचलली तं हातात माती आली. महिन्यातून एकदा पेटी उचलून खाली पाहाचंच.

कडुनिंबाचा पाला घालतात लोक, चांगलं आहे, पण ओला पाला पानात दाबू नका, हिरवा डाग पडते तो जात नाही. सावलीत पूर्ण वाळवून, सुती कपड्याची पुरचुंडी करून पेटीच्या कोपऱ्यात. डांबरगोळ्या फोटोजवळ नको. नवीन बूट, टीव्हीच्या खोक्यात ओल शोषाच्या छोट्या पुड्या येतात त्या फेकू नका, पेटीत टाका. पावसाळ्यात उघाड पडला की पेटी उघडून हवा द्या, सावलीत, उन्हात वाळत घालाचं नाही.

गुळगुळीत मासिकाच्या कागदावर चिनी मातीसारखा थर राहते, तो भिजला की डिंक होते आणि वाळला की पानं एकमेकाले कायमचे चिकटतात. त्यामुळं मासिक भिजलंच तं ओलं आहे तोवरच एकेक पान हळूहळू सोडवून मधात कोरा कागद घाला, "वाळू दे मंग पाहू" म्हणाल तं गेलं. लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका, पाच वर्षात पिवळी पट्टी पडते. आणि ते चिकट पानाचे अल्बम जे लग्नात देतात, वरून प्लॅस्टिक ओढाचे, त्याच्यात तं बिलकुल नाही, फोटो मागून चिकटून बसते. साधे पॉलीप्रॉपिलीनचे पाकीट घ्या, ज्याले प्लॅस्टिकचा उग्र वास येत नाही ते. तेही महाग वाटलं तं पांढऱ्या कोऱ्या कागदाची घडी, पेपरची नको, पेपरचा कागद स्वतःच पिवळा होते आणि सोबतच्यालेही करते.

मोबाईलवर कॉपी काढून ठेवा. खिडकीजवळ, उत्तरेकडची असंल तं उत्तम, फ्लॅश बंद, फोटो भिंतीले उभा टेकवून मोबाईल अगदी समोर समांतर. कोणाले पाठवलं तं छायाचित्रकाराचं आणि मॉडेलचं नाव सोबत पाठवाचं. आणि एक गोष्ट कधीच कराची नाही, कोणाच्या घरचा, सहलीचा, तलावावरचा खाजगी फोटो रद्दीत आला तं तो संग्रहात घ्याचा नाही, पुढं पाठवाचा तं प्रश्नच नाही. मी असे दोनदा ज्याच्या घरचे होते त्याले नेऊन दिले. जे छापाले म्हणून, मॉडेलच्या मर्जीनं काढलं तेवढंच आपलं.

स्वतः काढाची हौस आली तं तेही करा, साधनांचं रडू नका. अमेरिकन नटी फॅरा फॉसेटचं लाल स्विमसूटवालं १९७६ चं पोस्टर लाखोंनी खपलं, त्याच्या मागं जो पट्ट्यापट्ट्याचा पडदा दिसते ते ब्रूस मॅकब्रूम या छायाचित्रकाराच्या जुन्या गाडीच्या सीटवरचं ब्लँकेट होतं. केस आणि मेकअप तिचा तिनंच केला होता.

शेवटी एक काम सांगतो ते पहिल्याच दिवसापासून पाळा. पान मोठं आहे म्हणून कापू नका, खास करून खालची पट्टी. तिथंच बारीक अक्षरात छापखाना, साल, कधी छायाचित्रकाराचं नाव राहते. माझं ते पिवळ्या स्विमसूटवालं पान अजून आहे, मागून "भूगोल, इयत्ता ७ वी" आणि माझं नाव माझ्याच अक्षरात. सावली पायाजवळ आहे, म्हणजे दुपार. क्षितिज कमरेतून जाते, म्हणजे कॅमेरा पोटाशी. कपड्याले छातीवर शिवण नाही, बायको म्हणते साठच्या नंतरचा. पण पुस्तकाच्या मापात बसवाले मामानं खालची दोन बोटं पट्टी कापली होती, त्यामुळं ती बाई कोण होती हे मले आजपर्यंत लागलेलं नाही. कोणाच्या घरी कपाटात त्याच कॅलेंडरचं पूर्ण पान असंल, ओली वाळू, उजव्या कोपऱ्यात उलटी ठेवलेली लाकडी नाव, तं खालचं काय लिहिलं आहे तेवढं मले वाचून सांगा.